बंदुकीच्या कपाटातली चुंबकं

आमच्या घरात तिजोरी म्हणावी असं एकच कपाट होतं आणि त्यात दागिना कधी ठेवला गेला नाही. त्यात सासऱ्यांची बंदूक असायची. दुनळी, बारा बोअरची, परवान्याची. सासऱ्यांना घरात सगळेच दादा म्हणत. लग्न होऊन आले तेव्हापासून मीही दादाच म्हणते. मोशीच्या गावठाणात आमचं घर. दादांच्या उमेदीच्या काळात घरामागून पार इंद्रायणीपर्यंत ऊस असायचा आणि उसात रानडुकरं शिरायची. एका पहाटेत निम्मं रान आडवं करून जायची. त्या वेळी त्यांनी परवाना काढला आणि बंदूक घेतली. पुढे जमीन थोडी सरकारच्या प्राधिकरणानं घेतली, थोडी विकली, उरलेल्या तुकड्यावर आम्ही भाड्याच्या खोल्या बांधल्या. आता घरामागे एका कंपनीचं गोडाऊन आहे. डुकरं कुठे गेली ते माहीत नाही, पण बंदूक घरातच राहिली.

कपाट भोसरीतल्या एका फॅब्रिकेटरकडून करून घेतलेलं. जाड पत्र्याचं, उभं, अरुंद, बोल्ट मारून भिंतीला पक्कं केलेलं. आत बंदूक उभी राहावी म्हणून लाकडाची खाच आणि वर एक फळी. काडतुसं त्यात नसत. त्यांची वेगळी पेटी होती, वेगळं कुलूप होतं, आणि ती आमच्या यांच्या खोलीत असायची. हे दादांचंच शिस्तीचं काम. "बंदूक आन् दारू एका जागी ठिवायची न्हाई," असं ते म्हणायचे, आणि दारू म्हणजे बंदुकीची दारू हे मला लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी कळलं.

मी चाकणला एका कंपनीत आहे. गाड्यांच्या ब्रेकचे भाग तिथे बनतात आणि मी टूल स्टोअर सांभाळते. शिफ्ट सुरू झाली की कामगार येतात, ड्रिल, पाने, मापाची गेजं घेऊन जातात, सुटताना परत आणून देतात. आमच्याकडे भिंतीवर मोठाले पत्र्याचे बोर्ड आहेत. प्रत्येक हत्याराची बाह्याकृती त्यावर काळ्या रंगानं काढलेली आणि हत्यार तिथे चुंबकानं चिकटून बसलेलं. एखादी काळी आकृती रिकामी दिसली की कोणती वस्तू परत आलेली नाही ते लांबूनच कळतं. त्यासाठी डोकं लावावं लागत नाही. संध्याकाळी तर माझं डोकं चालतच नसतं, त्यामुळे ते बोर्ड मला माणसांपेक्षा बरे वाटतात.

सासूबाई गेल्या आणि त्यानंतर दादा हळूहळू विसरायला लागले. आधी वार विसरले, मग जेवलेलं विसरले. डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या दिल्या आणि सांगितलं की हे असंच उतरत जाणार. त्यांना रोजच्या सवयीच्या गोष्टी करू द्या, घरात फार बदल करू नका. दादांची रोजची सवय म्हणजे ते कपाट. संध्याकाळी यांच्याकडून किल्ली घ्यायची, कपाट उघडायचं, बंदूक फडक्यानं पुसायची, पुन्हा ठेवायची. आमचे हे तेवढा वेळ जवळ उभे राहत.

पण आता पुसून झालं तरी ते संपत नसे. नळी साफ करायचा गज, त्याला लावायचे ब्रश, तेलाची बुधली, फडकी, चामड्याचा पट्टा, जुनी बॅटरी, असं सगळं ते बाहेर काढून बाजेवर मांडत. मग कुठली वस्तू कुठे ठेवायची ते त्यांना आठवत नसे. मी कंपनीच्या बसनं यायची. चाकणच्या चौकात बस अडकायची, कधी इतकी की बसमध्ये झोप लागून मोडायची आणि बस तिथेच असायची. घरी पोचले की बाजेवर तो पसारा, दादा मधोमध, आणि हे वैतागून बाहेर ओट्यावर. दिवसभर मी लोकांची हत्यारं जागेवर ठेवून यायची आणि घरी येऊन पुन्हा तेच काम. चहा टाकायचा आणि तो गार होईस्तोवर दादांच्या वस्तू गोळा करायच्या.

एक दिवस गज सापडला नाही.

दादांनी सगळं घर डोक्यावर घेतलं. आमच्या खोल्यांत एक परभणीकडचा भाडेकरू राहतो, एका कंपनीत वेल्डर आहे, बायको-पोरांसकट. तो सकाळी पाण्याच्या मोटरचं विचारायला घरात येऊन गेला होता. दादा तडक त्याच्या दारात गेले.

"गज काढ भाईर," ते ओरडले. "मला म्हातारा समजून लुटायला बसलाय व्हय?"

तो जेवत होता. खरकटा हात तसाच घेऊन उठला. "काका, कसला गज? आम्हाला काय करायचंय गज घेऊन?"

"बंदुकीचा! माज्या घरात ऱ्हातो आन् माज्याच घरात चोरी करतो!"

त्याची बायको आत गेली आणि पोरांना जवळ घेऊन उभी राहिली. आजूबाजूच्या खोल्यांतली माणसं दारात आली. मी दादांचा हात धरून त्यांना मागे ओढत होते आणि ते माझा हात झटकत होते. शेवटी यांनी त्यांना आत आणलं. गज आमच्याच न्हाणीच्या कोपऱ्यात मिळाला, झाडण्यांबरोबर उभा करून ठेवलेला. लांब, बारीक, दांड्यासारखी वस्तू, म्हणून दादांनी ती दांड्यांमध्ये ठेवली असणार. त्यांच्या मनातला हिशेब बरोबरच होता म्हणायचं.

मी भाडेकरूच्या दारात गेले. "भाऊ, माफ करा. त्यांना आता समजत नाही."

"जाऊ द्या वहिनी," तो म्हणाला. "आमचा बाप बी शेवटी असाच झालता. मला सावकार म्हणायचा." मग तो म्हणाला, "पण पोरं घाबरली ओ."

त्या रात्री जेवण झाल्यावर मी कपाटाचं कुलूप ओढून पाहिलं. मनात एकच होतं, की पोरं घाबरली आणि दादांच्या घरात बंदूक आहे.

पुढच्या रविवारी मी कपाट हातात घेतलं. मुलगी हिंजवडीला नोकरीला आहे, आठवडाभर कॅबमध्ये आणि लॅपटॉपवर असते. तिनं मी सांगितल्या त्या वस्तू ऑनलाइन मागवून दिल्या होत्या. रबराचं अस्तर असलेली चुंबकाची हुकं, एक लांब चुंबकाची पट्टी, आणि दार उघडलं की लागणारा एक छोटा दिवा, तोही पाठीला चुंबक असलेला. कपाट पत्र्याचं, तेव्हा भोकं पाडायची गरज नव्हती. चिकटवलं की झालं, आणि नको वाटलं तर काढून दुसरीकडे.

दादा समोर खुर्ची टाकून बसले. बंदूक त्यांच्या मांडीवर आडवी. ती मी कधी हातात घेतली नव्हती आणि त्या दिवशीही घेतली नाही.

"हे काय लावतीस?"

"चुंबक आहे दादा. वस्तू चिकटून राहतील. आमच्या कंपनीत असंच असतं."

"तुज्या कंपनीत बंदुका हायत का?"

"नाहीत. पाने आहेत."

"मंग ते पान्याला ठीक हाय," ते म्हणाले, पण बघत राहिले.

पट्टी मी दाराच्या आतल्या बाजूला लावली. गज जवळ नेला, पट्टीनं तो हातातून खेचून घेतला आणि खट्कन आवाज झाला. दादा हसले. बऱ्याच दिवसांनी हसले असतील. मग मी ब्रश लावायला गेले तर तो खाली पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. आठवडाभराच्या कामानंतर मला असल्या गोष्टीचाही राग येतो, तसा आला.

"अगं, पितळ हाय ते," दादा म्हणाले. "पितळंला चुंबक काय करंल?"

सकाळी नाश्ता केला की नाही हे त्या माणसाला सांगता येत नव्हतं. मी ब्रशला सुतळीचा फासा बांधला आणि हुकाला अडकवला. त्यांनी मान हलवली. मग मी एक उघडं चुंबक, रबर नसलेलं, खाचेजवळ लावायला गेले तेव्हा ते चटकन पुढे झाले. "नळीजवळ न्हाई आणायचं ते. वरखडा पडंल." मी त्यावर जुन्या ब्लँकेटचा तुकडा चिकटवला. दोन चुंबकं हाताळताना एकमेकांना जाऊन भिडली आणि मधे माझं बोट सापडलं. नख काळंनिळं झालं. दादांनी उठून स्वतः तेलाची बुधली आणली, बंदुकीचं तेल, आणि माझ्या बोटाला लावलं. मी नको म्हटलं नाही.

शेवटी पांढऱ्या मार्करनं प्रत्येक वस्तूभोवती रेघ ओढली. गजाची आकृती, बुधलीची, बॅटरीची. मागच्या पत्र्यावर बंदुकीची आकृतीही काढली, लाकडी दस्त्यापासून नळीच्या टोकापर्यंत. दादांनी एकेक वस्तू काढून पाहिली, परत लावून पाहिली. दिवा लागत होता, विझत होता.

त्यानंतर बरे दिवस गेले. दादा संध्याकाळी कपाट उघडत, काम करत, आणि रिकामी रेघ दिसली की वस्तू शोधून तिथे लावत. बाजेवर पसारा नाही, चोरीचा आळ नाही. मला चहा गरम प्यायला मिळू लागला. सुख म्हणजे काय असं कुणी विचारलं असतं तर मी त्या महिन्यांमध्ये तेवढंच सांगितलं असतं.

चुंबकांची गोडी दादांनाच लागली. त्यांनी सासूबाईंचा एक फोटो आणला आणि दाराच्या आत लावायला सांगितला. मग त्यांच्या जुन्या बैलजोडीचा फोटो, कडा उडालेला. मुलगी कंपनीच्या सहलीला गोव्याला गेली होती, तिथून तिनं फ्रिजवर लावायचा एक निळा मासा आणला होता. तो दादांनी फ्रिजवरून काढून कपाटात नेला. वेल्डरच्या धाकट्या मुलीनं प्लास्टिकचं एक लाल अक्षर दिलं, इंग्रजी एबीसीडीतलं. तिची आई तिला आमच्या दारात येऊ देत होती, हेच मला पुष्कळ वाटलं. ते अक्षरही आत गेलं. कुणी पाहुणा आला की दादा त्याला कपाटाकडे नेत.

आमचे हे एकदा म्हणाले, "दादा, बंदुकीचं कपाट हाय का फ्रिज?"

"तुला काय करायचंय?" दादा म्हणाले. "तुजी हाय का बंदूक?"

मग पावसाळ्याच्या शेवटी शेवटी दादांची आठवण आणखी उतरली. आता रेघा दिसल्या तरी त्यांचा अर्थ लागेना. दिवसातून कितीदा तरी किल्ली मागत. यांचा कंबरेचा त्रास तेव्हा वाढलेला. उठून उभं राहायचा त्यांना कंटाळा यायचा आणि मग घरात भांडणं. दादांना आवाज चढवलेला सहन होत नसे आणि यांना आवाज खाली ठेवता येत नसे. मी मध्ये पडायची. कंपनीत त्या वेळी रोज ओव्हरटाइम चालू होता.

एक दिवस मी नेहमीपेक्षा उशिरा, पण उजेड असतानाच घरी आले. हे झोपले होते, पाठीला शेकायची पिशवी लावून. आतल्या खोलीत कपाट उघडं होतं. दिवा लागलेला होता. सासूबाईंचा फोटो, मासा, अक्षर, गज, सगळं आपापल्या जागी, आणि मधोमध बंदुकीची पांढरी रेघ रिकामी.

किल्ली कुठून आली ते नंतर कळलं. यांनी ती उशाशी ठेवली होती. दादांनी कधीतरी ती उचलली आणि मीच त्यांना खेळायला दिलेल्या एका चुंबकानं आपल्या लोखंडी पलंगाच्या खालच्या पट्टीला चिकटवून ठेवली. सगळं विसरले आणि ते मात्र त्यांच्या लक्षात राहिलं.

यांना उठवायचं सुचलंच नाही. मी गच्चीच्या जिन्यानं वर गेले. का वर गेले ते सांगता येणार नाही. दार उघडं दिसलं असेल.

दादा कठड्याशी उभे होते. बंदूक हातात, नळी गोडाऊनच्या बाजूला. खाली खोल्यांच्या बोळात पोरं खेळत होती, त्यांचा आवाज वर येत होता. गोडाऊनच्या आवारात एक ट्रक मागे येत होता आणि त्याचा टी-टी-टी असा आवाज चालू होता.

"दादा."

"हळू बोल," त्यांनी मागे न बघता सांगितलं. "शिरल्यात."

"कोण शिरलंय?"

"डुकरं. ऐक की. उसात चरचर चाललीय."

काडतुसांची पेटी कुलपात आहे हे मला ठाऊक होतं. पण कपाटाची किल्लीही यांच्याकडेच आहे असं मला सकाळपर्यंत ठाऊक होतं.

"काडतूस घातलंय का दादा?"

"मंग काय काठी घिऊन उभा हाय?"

खाली कुणीतरी पोर किंचाळून हसलं. दादांची मान त्या आवाजाकडे वळली. तेवढ्यात मी जे बोलले ते विचार करून बोलले नाही. त्यांच्याशी बोलताना माझी बोली आपोआप त्यांच्यासारखी होते, तशीच झाली.

"दादा, नळी कुठं पुसलीय? मागल्या येळंपासनं तशीच हाय. गंज धरला असंल आत."

ते थांबले. "न्हाई पुसली?"

"न्हाई. ब्रश तितंच लटाकतोय बघा."

त्यांनी बंदुकीकडे पाहिलं, जसं एखाद्या आजारी जनावराकडे बघावं तसं. "मंग अशी न्हाई उडवायची," ते म्हणाले. "नळी फुटती." आणि सवयीच्या हातांनी त्यांनी वरची कळ सरकवून बंदूक बिजागरीपाशी मोडून उघडली, नळ्या वर करून डोळ्यासमोर धरल्या. माझ्या बाजूनंही दिसलं. दोन्ही नळ्यांच्या आरपार संध्याकाळचं आभाळ दिसत होतं. आत काही नव्हतं.

मी कठड्याला धरून उभी राहिले.

"चल," दादा म्हणाले. "ब्रश काढून दे."

खाली आल्यावर ते खुर्चीत बसले. मी एकेक वस्तू काढून देत गेले आणि त्यांनी नळ्या साफ केल्या, अगदी व्यवस्थित, घाई न करता. तेलाचा वास खोलीभर झाला. मग बुधली तिच्या रेघेत, गज पट्टीवर, ब्रश हुकाला. बंदूक खाचेत उभी केली. दार लावून त्यांनी किल्ली फिरवली आणि माझ्या हातात दिली. "च्या कर," ते म्हणाले.

मी चहा केला नाही. तिथेच फरशीवर बसले. हे उठून आले आणि त्यांनी विचारलं, काय झालं, आणि मला सांगायला बराच वेळ लागला.

त्या आठवड्यात आम्ही दोघं बोललो. बंदूक जमा करायची हे मला पक्कं होतं. यांना ते जड जात होतं.

"आख्ख्या गावठाणात आता आपल्याच घरी बंदूक राहिलीय," हे म्हणाले. "दादांच्या पाठीमागं मी माझ्या नावावर करून घेईन."

"अहो, कशासाठी? तुम्हाला कुणाला मारायचंय?"

"मारायचं कशाला? घरात असावी."

"मी थकले," मी म्हटलं. "बसमधून उतरले की मी आधी गच्चीकडे बघते. मग घरात येते. असं किती दिवस करायचं?"

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच पोलीस ठाण्यात जाऊन काय काय लागतं ते विचारून आले.

दादांना सांगायचं कुणी, हा प्रश्न होता. त्यांच्या मनावर अधूनमधून एखादी सकाळ स्वच्छ उजाडायची. तशी एक सकाळ आम्ही धरली. यांनी सांगायला सुरुवात केली आणि मध्येच ते उठून ओट्यावर गेले. मग मी सांगितलं. गच्चीवरचंही सांगितलं. दादा ऐकत होते. त्यांना ते आठवत नव्हतं, पण मी खोटं बोलत नाही एवढा त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

"पोरं व्हती खाली?" त्यांनी विचारलं.

"होती दादा."

ते आपल्या हातांकडे बघत बसले. मग म्हणाले, "माज्या हातानं जाऊ द्या. तुमी न्हाई न्यायची."

त्यांनी पांढरा सदरा, धोतर आणि टोपी घातली. मुलीनं रजा घेतली आणि गाडी चालवली. बंदूक खोळीत घालून दादांनी आपल्या गुडघ्यांमध्ये उभी धरली होती. ठाण्यात एक बाई हवालदार होत्या. त्यांनी परवाना पाहिला, नंबर पडताळून पाहिला, पेटीतली काडतुसं मोजून घेतली, सह्या घेतल्या. दादांनी बंदूक त्यांना मोडून दाखवली, रिकामी आहे म्हणून. मग म्हणाले, "पावसाळ्याआधी आन् पावसाळ्यानंतर तेल द्यायचं हिला. इसरू नगा."

"देऊ की आजोबा," त्या म्हणाल्या.

परत येताना दादा खिडकीतून बाहेर बघत होते. हायवेवरच्या कंपन्यांच्या पाट्या मागे जात होत्या. एका ठिकाणी त्यांनी विचारलं, "हे कुटलं गाव?" मुलगी म्हणाली, "आपलंच आहे आजोबा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी किल्ली मागितली. कपाट उघडलं आणि रिकामी रेघ बघून त्यांचा चेहरा उतरला. "बंदूक कुटं हाय? कुनी नेली?" आवाज चढायला लागला. खरं सांगितलं असतं तर रोज संध्याकाळी ती बातमी त्यांना पुन्हा नव्यानं ऐकावी लागली असती. आमच्याकडे निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. दादांनी जन्मभर ते केलेलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "इलेक्शन हाय की दादा. जमा केलीय."

"आस्सं व्हय," ते म्हणाले. "कसली इलेक्शन?"

"म्हानगरपालिकेची."

ते शांत झाले. त्यांनी दार लावून घेतलं. तेव्हापासून आमच्या घरात कायम निवडणूक चालू आहे. कधी लोकसभेची, कधी विधानसभेची, माझ्या तोंडात येईल ती. "अजून संपली न्हाई?" ते विचारतात. "लई लांबवली राव ह्यांनी." पहिल्यांदा हे ऐकून आमचे हे हसले होते. मुलगी अजूनही हसते, पण ती रविवारीच घरी असते.

कपाटाला आता कुलूप लावत नाही. खालच्या बाजूला दादांचे कपडे आणि ब्लडप्रेशरचं यंत्र ठेवते. गोळ्यांच्या डबीला तळाशी पत्रा आहे, ती पट्टीवर बसते. सकाळची डबी वर, संध्याकाळची खाली. दादा सकाळी कपाटासमोर उभे राहून चुंबकं इकडची तिकडे करतात. मासा वर, सासूबाई खाली, बैल मधे. त्यात त्यांचा अर्धा-पाऊण तास जातो आणि तेवढ्यात माझा डबा भरून होतो. डॉक्टर म्हणतात की हातांना काम आहे ते चांगलं आहे. मला चांगलंवाईट आता फारसं कळत नाही. बस चुकू नये एवढं कळतं.

मागच्या आठवड्यात मी पहिल्या शिफ्टवरून आले. उन्हानं डोकं भणभणत होतं. पिशवी टेकवली आणि दारातच उभी राहिले, आत जायचंही बळ नव्हतं. दादा खुर्चीत बसले होते. माझ्याकडे त्यांनी नीट निरखून पाहिलं.

"कुनाच्या घरच्या म्हनायच्या तुमी?" त्यांनी विचारलं.

लग्न होऊन आले त्यानंतर मुलगी झाली, मोठी होऊन नोकरीला लागली, एवढा काळ गेला. मला वाटलं होतं हे कधीतरी होणार, आणि झालं तेव्हा मी रडेन. रडायला आलं नाही.

"इथलीच आहे दादा," मी म्हटलं.

"बसा मंग," ते म्हणाले, आणि बाजूचा स्टूल पायानं माझ्याकडे सरकवला. "उनातनं आलाय. लई दमल्यावानी दिसताय."

मी बसले.